आजीने निवडलेला चेहरा

सोमवार, ४ तारीख

ही वही ताईनं देऊन वर्ष होऊन गेलं. रोज दोन ओळी लिहीत जा, म्हणजे तुझं डोकं जरा एका जागी बसेल, असं ती म्हणाली होती. मी हो म्हटलं आणि वही पिशवीच्या तळाशी कोंबली. त्यानंतर उद्यापासून, उद्यापासून करत किती गावं झाली, किती कामं सुटली. एकदा घाईत हिच्यावर गरम पातेलं ठेवलं होतं, त्याचा गोल डाग पुठ्ठ्यावर अजून आहे. आज लिहायला बसलो, कारण आज मला टेबल मिळालंय. माझं स्वतःचं. शिवाय खोली, खाट, खिडकी आणि खिडकीतून दिसणारं एक वाकडं झाड. एवढी चैन झाल्यावर आता सबब उरली नाही.

परवा इथे आलो. याआधी छापखान्यात होतो, त्याआधी ट्रकवर, त्याआधी एका सर्कशीच्या मागे मागे. तिथे एक बुटका माणूस होता, तो शिंकला की हत्ती दचकायचा. पण ते आत्ता नको. ताई म्हणते तेच खरं, मला पाण्याचा तांब्या आणायला पाठवलं तर मी विहिरीची गोष्ट घेऊन परत येतो. म्हणूनच तिनं माझं नाव भिंगरी ठेवलंय. तिच्याशिवाय मला या नावानं कुणी हाक मारत नाही आणि मी कुणाला मारू देत नाही.

नोकरी अशी आहे. गावाबाहेर एक लांबलचक बैठी इमारत. पुढे फाटक, फाटकावर काका. आत शिरलं की डॉक्टरबाईंचं ऑफिस, मग पिंजऱ्यांचा बोळ, बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर, त्याच्या बाजूला माझी खोली. स्वयंपाकघराला मागे एक दार आहे, पण ते झुडपांत इतकं दडलंय की मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. बाई जनावरांच्या डॉक्टर नाहीत, मेंदूच्या आहेत. डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात टिकतं कसं, त्यासाठी आत कुठला रस पाझरावा लागतो, हे त्या माकडांकडून शोधून काढतायत. त्यांनी विचारलं, शिक्षण किती? म्हटलं, शाळेत जाऊन आलोय. त्या हसल्या नाहीत, नुसता चष्मा पुसला. माकडांची भीती वाटते का? म्हटलं, माणसांपेक्षा कमी. मग घेतलं.

माझ्या खोलीत आधी एक मुलगी राहायची, हेच काम करायची. खाटेच्या वर भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे आहेत आणि त्यांच्यामध्ये रंग न उडालेला एक चौकोन. तिथे तिनं फोटो लावला असणार. खाटेखाली तिच्या चपलाही सापडल्या, तपकिरी, एका अंगठ्याला दोऱ्यानं शिवलेल्या. काका म्हणाले, बरी होती पोरगी, शांत, पण शेवटी शेवटी कुणाला ओळख द्यायची नाही, आणि एक दिवस अनवाणीच निघून गेली. चपला मी कोपऱ्यात सरकवल्या. त्या चौकोनात ताईचा फोटो लावला. माप घेऊन कापल्यासारखा बसला.

बुधवार, ६ तारीख

काम जड नाही, पण दमवणारं आहे. पिंजरे धुवा, पाणी बदला, फळं चिरा, परत पिंजरे धुवा. माकडांना कागदोपत्री आकडे आहेत. मी नावं ठेवली. पैलवान, चोरटी, एक सदा रुसलेला आहे त्याला जावईबापू. आणि आजी. आजी म्हातारी माकडीण, सगळ्यांत शेवटच्या पिंजऱ्यात, स्वयंपाकघराला लागून. ओळखीचं माणूस आलं की ती ओठ भराभर हलवते, पच् पच् असा बारीक आवाज येतो. अनोळखी माणसाला सरळ पाठ दाखवते. मला चार दिवस पाठच बघायला मिळाली. आज पच् पच् झालं. इतका मान मला छापखान्यात कधी मिळाला नव्हता.

परीक्षा अशी असते. माकडासमोर काच, काचेवर एक चित्र उमटतं. छत्री म्हणा, किंवा किटली. मग काच काळी. थोड्या वेळानं दोन चित्रं येतात. आधी पाहिलेल्यावर बोट ठेवलं की नळीतून गोड सरबताचे थेंब पडतात. चुकलं की काही नाही. आजीचे दात किडलेत म्हणून तिला सरबत बंद, तिला शेंगदाणे. तिचं जवळपास कधी चुकत नाही. बाकीच्यांचं हल्ली फार चुकतं, पण ते चुकावं हेच बाईंना हवं आहे म्हणे. त्यांना एक औषध दिलंय. कशाला ते मी विचारलं होतं, पण त्या सांगत असताना जावईबापूनं माझी टोपी पळवली.

चहाची सोय काकांनी सांगितली. साखर आणायला गाव लांब, म्हणून इथल्या माणसांनी कधीपासून एक युक्ती काढलीय. थंड खोलीतल्या डब्यातलं माकडांचं सरबत पळीभर चहात घालायचं. मागची पोरगी तर तीन पळ्या घालायची. काकांना स्वतःला साखर वर्ज्य आहे, बाई बिनसाखरेचाच पितात. म्हणजे सगळा डबा माझा. संत्र्याचा वास येतो, चहा विचित्र लागतो, पण गोड आहे. संध्याकाळी कप घेऊन खाटेवर बसतो आणि ताईकडे बघतो.

रविवार, १० तारीख

ऑफिसातून ताईला फोन केला. माकडांची नोकरी म्हटल्यावर ती म्हणाली, माकडंच ठेवायची होती तर तुला वेगळं कशाला ठेवून घेतलं, पिंजरा रिकामा होता का? मग म्हणाली जेवतोस का, मग म्हणाली खरं सांग. तिचा आवाज घंटेसारखा आहे, फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. आई गेली तेव्हा मी बोलायलाही शिकलो नव्हतो. मला आईचा चेहरा म्हणून जो आठवतो तो ताईचाच आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

बाईंनी कॅमेरा देऊन नवीन चित्रं काढायला सांगितली, माकडं जुन्यांना कंटाळलीत. मी बादली काढली, फाटक काढलं, काकांची मिशी काढली (नुसती मिशी, काका रागावले). आणि गंमत म्हणून ताईचा फोटोही त्यात घातला. आजीला तो भलताच आवडला. दुसरं काहीही असो, ताई दिसली की बोट तिच्यावर. दाणा खाऊन झाला तरी काचेला हात लावून बसते. ताईला सांगायला हवं, तुला एक स्थळ आलंय.

शुक्रवार, १५ तारीख

दमायला होतं. काम तेवढंच आहे, पण डोळे दमतात. सकाळी उठून खोलीत बघितलं की सगळं पहिल्यांदा बघतोय असं वाटतं. खिडकीतलं वाकडं झाड बघून आज मी मनात म्हटलं, अरे, इथे झाड आहे. मग पहिल्या दिवशीचं पान वाचलं. झाड तेव्हाही होतं.

फाटकाशी एक म्हातारा उघड्या डोक्यानं खुर्चीत बसला होता. कोण हवंय, असं मी विचारलं. त्यानं टोपी घातली आणि म्हणाला, शुद्धीवर ये लेका. काकाच होते. मी हसून वेळ मारून नेली. त्यांनी विचारलं, ताप आहे का? बहुधा असेल.

मंगळवार, १९ तारीख

आज बाई निवांत होत्या. निवांत म्हणजे थकलेल्या. त्यांचं थकणं सावकाश आहे, खुर्चीत बसतात आणि बराच वेळ बसतच राहतात. त्यांनी आपणहून सांगितलं, आणि या वेळी मी नीट ऐकलं.

एखादी गोष्ट पाहिली की मेंदूत एक रसायन सुटतं. हे पाहिलंय, असा शिक्काच समजा, तो ते चित्रावर मारतं. बाईंचं औषध तो शिक्का अडवतं. त्यामुळे नवीन काही टिकत नाही, माकडाला प्रत्येक छत्री पहिलीच छत्री वाटते. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांना वाटलं होतं जुनं तरी सुखरूप राहील. तसं होत नाहीये. जुनी आठवण पुन्हा डोळ्यांपुढे आली की ती उघडते, ओल्या मातीसारखी होते, आणि परत पक्की व्हायला तिला तेच रसायन लागतं. ते नसलं की जशी उघडली तशीच विरघळून जाते. म्हणून ज्याला जे चित्र जास्त वेळा दाखवलं, तेच त्याच्या डोक्यातून आधी गेलं. पैलवानाचा छत्रीवर जीव होता. आता तो छत्रीला घाबरतो.

मी विचारलं, म्हणजे बघितल्यानं पुसतं? बाई म्हणाल्या, हो, आवडीनं बघितल्यानं लवकर.

वाईट वाटलं पैलवानाचं. खोलीत येऊन चहा केला.

गुरुवार, २१ तारीख

भिंतीवर एका बाईचा फोटो आहे.

म्हणजे ताईच आहे, मला ठाऊक आहे ती ताई आहे, मीच लावला. पण ठाऊक असणं वेगळं. ते रस्त्याचं नाव ठाऊक असण्यासारखं आहे. नाक आहे, कपाळ आहे, एका भुवईत खाच आहे. एक एक गोष्ट बघता येते. सगळं मिळून कुणीच होत नाही. परक्या लिपीतल्या पाटीसारखं. संध्याकाळभर बघत बसलो, येईल येईल म्हणून. जितकं बघितलं तितकं ते लांब गेलं.

डोळे मिटूनही आठवून पाहिलं. फक्त तिचा आवाज आला.

शनिवार, २३ तारीख

सकाळी सरबताचा डबा घासायला थंड खोलीत गेलो तर बाई डब्यावर वाकून उभ्या. कुपीतलं काहीतरी आत ओतत होत्या. मी म्हटलं, हे काय. त्या म्हणाल्या, औषध. पूर्वी सुईनं द्यायचो, माकडं फार ओरडायची, बघवेना, म्हणून बरेच महिने सरबतातूनच देतोय. तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सांगितलं असेल. टोपीच्या भानगडीत गेलं असेल.

मी चहाचं सांगितलं. पळीचं सांगितलं. बाई कधीच स्वयंपाकघरात येत नाहीत, त्यांना काय कळणार. काकांना वाटतं सरबत म्हणजे सरबत. बाईंनी विचारलं, किती कप? म्हटलं, मोजत कुठे होतो. मग त्यांनी फार हळू विचारलं, मागची मुलगी पण? मी म्हटलं, तीन पळ्या, काका सांगत होते. तिथे एक बादली पालथी होती, बाई तिच्यावर बसल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्या इतक्या दमलेल्या दिसल्या की मीच त्यांना पाणी दिलं.

सरबत बंद, डबा थंड खोलीत कुलपात, किल्ली खिळ्यावर. माकडांपैकी काहींचं परत येतं म्हणाल्या, काहींचं नाही. ज्यांचं आलं त्यांना ते चित्र मधल्या काळात दाखवलं नव्हतं. तेव्हा माझ्यासाठी एकच पथ्य, जे जपायचंय त्याच्याकडे बघू नका. फोटो नको, आठवायला बसणं नको. शरीरातून औषध जाईपर्यंत जे थोडं उरलं असेल ते झाकून ठेवा.

फोटो उलटा करून भिंतीला लावला. कोरी पाठ बघून बरं वाटलं.

ताईला फोन केला. सगळं सांगता आलं नाही, रडू आलं. ती म्हणाली, भिंगरी, रजा मिळाली की येते, महिनाअखेरीआधी सोडणार नाहीत मेले, तोवर जिवंत राहा. बाई दुपारी त्या मुलीच्या गावी गेल्या. लांब आहे. चार-पाच दिवस परीक्षा बंद, मी फक्त खाणं-पाणी बघायचं.

रविवार, २४ तारीख

ताई आली.

फळं चिरायला गेलो तर स्वयंपाकघरात एक बाई स्टुलावर बसलेली. पायाशी बोचकं. चेहरा बघून मला काहीच कळलं नाही, पण माझं तसं आहेच सध्या. बाई आहे, थकून आलीय, सामान घेऊन आलीय, दुसरं कोण असणार. मी म्हटलं, ताई? तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आणि म्हणाली, हो.

पथ्य आठवलं, लगेच मान खाली घातली. तिला म्हटलं, रागावू नकोस, मी तुझ्याकडे बघणार नाही, बघितलं तर तू जाशील. तिला ते समजलं असावं. काही विचारलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. घसा पार बसलाय तिचा, कुजबुजल्यासारखं बोलते. किती वाळलास रे बाळा, म्हणाली. रजेचं विचारलं तर म्हणाली, तुला न्यायला आले.

इतक्या दिवसांनी आज पोटभर झोप लागेल.

सोमवार, २५ तारीख

मी खाली बघतच वावरतो. गंमत आहे, फरशी पाठ झाली माझी. ताईचे फक्त पाय दिसतात. अनवाणी आली होती, टाचांना भेगा. त्या मुलीच्या चपला होत्या कोपऱ्यात, म्हटलं बघ होतात का. तिनं पाय घातले. नेमक्या बसल्या. शिवलेल्या अंगठ्यावरून तिनं बोट फिरवलं.

घर चालवते आहे. चहाचा डबा कुठे, काडेपेटी कुठे, दिव्याचं बटण दारामागे, काही सांगावं लागलं नाही. ताई आहेच तशी, परक्या घरात शिरली की अर्ध्या तासात मालकीण.

आजीनं तिला बघून पच् पच् केलं. पहिल्या झटक्यात. फोटोवरून ओळखलं म्हातारीनं.

मंगळवार, २६ तारीख

ताई मला भिंगरी म्हणत नाही. सारखं बाळा, बाळा. घसा बसला की माणूस मऊ होत असेल.

चहा गोड असतो. तिनं साखर आणली असेल बोचक्यातून.

काका आत येत नाहीत, एकदा चोरटीनं त्यांच्या अंगावर पाणी उडवलं होतं तेव्हापासून. फाटकाशी गेलो तेव्हा ते ताईबद्दल काहीच बोलले नाहीत. पाहुणी आली तर चौकशी करणारे आहेत ते. मी ताईला विचारलं, फाटकावर अडवलं का तुला? ती म्हणाली, मागून आले.

मागचं दार. झुडपांतलं.

बुधवार, २७ तारीख

तिच्याकडे एक फोटो आहे. कमरेला खोचलेला. सारखा काढून बघते. आज जमिनीवर पडला, माझ्या नजरेसमोर. इतका हाताळलेला की चेहऱ्याच्या जागी पांढरं झालंय. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. हा तूच ना, म्हणाली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

बोचक्यात साखर नाही. ती अंगणात होती तेव्हा बघितलं. एक साडी, कंगवा, पळी.

थंड खोलीची किल्ली खिळ्यावर नव्हती.

म्हणजे मी अजून पितोच आहे.

तिचा चेहरा बघून मला काही कळायचं नाही. भिंतीवरचा फोटो परत सुलटा करून बघितला तरी कळायचं नाही. पण या घरात एक जण आहे जिनं सरबत कधी प्यायलं नाही.

बुधवार, दुपारी

कॅमेरा घेतला, तिला म्हटलं आठवण म्हणून काढतो. मान वळवून काढला. मग आजीला काचेसमोर आणलं. पहिल्यांदा ताई दाखवली. काच काळी. मग दोन चित्रं, एक ताईचं, एक आत्ता काढलेलं. दोन्ही चेहरे मला सारखेच परके. आजी फोटो नाही, चेहरा ओळखते; एकाच बाईचे असतील तर गोंधळेल, कधी हा कधी तो. असंच व्हावं म्हणून मी मनात हात जोडले.

आजी गोंधळली नाही. बाजू बदलून दाखवलं. परत दाखवलं. दाणे संपेपर्यंत दाखवलं.

दर वेळी ताईचंच. दुसऱ्याला बोट लावलं नाही.

आणि तरी या बाईला समोर बघून पच् पच् करते. म्हणजे तिला आजी ओळखते. फोटोतून नाही. आधीपासून —

गुरुवार, २८ तारीख

ताईच्या नंबरावर फोन लावला. वाजत राहिला.

ठेवतोय तोच बाईंचा आला. त्या मुलीच्या घरून बोलत होत्या. मुलगी तिथे नाही. धाकटा भाऊ आहे. त्यानं सांगितलं, परत आली तेव्हापासून त्याच्याकडे बघून म्हणायची, हा माझा भाऊ नाही, माझा तिकडे राहिलाय, भिंतीवर. एक दिवस म्हणाली, त्याचं तोंड लावून आलायस, काढ. नखांनी काढायला गेली. त्याच्या गालाला टाके आहेत, एक डोळा अजून उघडत नाही. बाई म्हणाल्या, तो रडतोय आणि विचारतोय, ताई कुठे आहे.

मी सांगितलं कुठे आहे.

बाईंनी तिकडे कुणाला तरी गाडी काढायला सांगितली. मग म्हणाल्या, ऑफिसात थांबा. बोळाकडचं दार लावा, पुढचंही लावा, ती वळसा घालून येईल. आम्ही निघालोच. आणि मी तुझा भाऊ नाही, असं तिला सांगू नका. कुणालाच सांगू देऊ नका.

दोन्ही कड्या लावल्या. काकांना आतल्या फोनवरून घंटी दिली, खुर्चीत नसावेत. पाणी प्यायला गेले असतील.

गुरुवार, थोड्या वेळानं

डोकं एका जागी बसावं म्हणून लिहितोय. 

स्वयंपाकघरातून कपबशीचा आवाज येतोय. पळीचा. एक, दोन, तीन. बोळाच्या दाराशी पावलं आली. चपलेचा अंगठा फरशीवर घासतो. दारावर हात फिरवला. बाळा, चहा झालाय. मी म्हटलं, काम आहे, ताई. ताई म्हणावंच लागलं. ती म्हणाली, बरं, मी थांबते. राग नाही आवाजात. दमलेला आवाज. माझ्याइतकाच.

पावलं परत गेली. स्टूल सरकलं.

मला तिची भीती वाटते, आणि तिचं हात फिरवणंही आठवतं. ते खरं होतं. दुसऱ्या कुणासाठी होतं, पण —

आजी ओरडतेय. कधी ओरडत नाही ती.

पुढच्या दाराची कडी हलली. बाहेरून. एकदा. मग दोनदा. मी श्वास रोखला. आजीच्या ओरडण्यात बाहेरचं काही ऐकू येईना. ती वळसा घालून आली असेल. कडी धरून राहिली. मग गेलं जे होतं ते.

पण स्टूल तर आत्ता सरकलं, आतल्या बाजूला —

फोन वाजतोय. आतला. काकांचा. उचलतो.

काका हसतायत. म्हणतात, अरे, लपवून ठेवलंस होय, पाहुणी आलीय तुझी, काय आवाज आहे, फाटक हललं माझं. म्हणते माझ्या भिंगरीला सांगा ताई आली, रजा लवकर मिळाली. पुढचं दार वाजवून आली, कुणी उघडेना. म्हणून मी तिला मागून पाठवलंय, झुडपांतून, स्वयंपाकघराच्या दारानं, भावाला हाक मारत जा म्हटलं म्हणजे